मटेरियलचं तेवढं बघा

पैसे मागताना माणूस कुठे बघतो, यावरून त्याचा धंदा ओळखता येतो. कर्जवसुलीवाला सरळ डोळ्यांत बघतो. डॉक्टर मागतच नाहीत. ते पुढच्या पेशंटकडे बघतात आणि बाहेरच्या टेबलावरची मुलगी मागते. सुतार, गवंडी, प्लंबर, रंगारी ही मंडळी मात्र छताकडे बघतात. मापं घेऊन झालेली असतात, पेन्सिल पुन्हा कानावर गेलेली असते, सनमायक्याचा रंग दोनदा ठरून एकदा बदललेला असतो, चहाही झालेला असतो. कपबशी खाली ठेवत मिस्त्री एकदा पंख्याकडे, एकदा कोपऱ्यातल्या ओलीकडे नजर टाकतो आणि म्हणतो, "मग वहिनी, मटेरियलचं तेवढं बघा."

साहेब समोर बसलेले असले तरी हे वहिनींनाच सांगायचं असतं. साहेबांना सांगितलं की साहेब हिशेब विचारतात. वहिनी निदान "किती?" एवढंच विचारतात. त्या "किती"चं उत्तरही आकड्यात येत नाही. "द्या की तुमच्या सोयीनं," असं येतं. आता सोयीनं म्हणजे दोन हजार की वीस हजार, हे वहिनींनी कुठून काढायचं? तेवढ्यात साहेब मध्ये पडतात. "अहो, आधी काम तर सुरू करा! पैसे काय कुठे पळून चाललेत?"

पैसे पळून चाललेले नसतात, हे अगदी खरं. ते जागचे हलत नाहीत, हीच मिस्त्रीची अडचण असते.

कामाआधी ॲडव्हान्स द्यावा की नाही, यावर आमच्या सोसायटीत दर वर्षी गणपती ते दिवाळी या रंगकामाच्या दिवसांत जोरदार चर्चा होते. एक पक्ष म्हणतो, एक रुपया देऊ नका, पैसे हातात पडले की माणूस दिसत नाही. दुसरा म्हणतो, थोडे द्यावेत, पण थोडेच, म्हणजे उरलेल्यांच्या आशेने तरी तो उगवतो. दोन्ही पक्षांत एकही रंगारी नसतो. तो त्या वेळी शिडीवर असतो, आणि शिडीवर सगळं ऐकू येतं. माझं मत विचाराल तर ते दोन्ही पक्षांना रुचणारं नाही. त्याने मागावा, आकडा सांगून मागावा, आणि छताला मध्ये घेऊ नये.

मंगल कार्यालयाच्या ऑफिसात जाऊन बघा. टेबलापलीकडचे गृहस्थ रजिस्टरमधून मान वर न करता डिपॉझिट सांगतात. तारीख हवी तर इतके आज भरा, रद्द केलंत तर इतके कापले जातील, वीज मीटरप्रमाणे, हरवलेल्या चमच्यांचे वेगळे, बाहेरचा केटरर चालणार नाही, इथे सही करा. आपण नवरीकडचे असू की नवऱ्याकडचे, मुकाट्याने सही करतो आणि बाहेर येऊन कौतुकाने म्हणतो, "सिस्टीम चांगली आहे हं यांची." हीच सिस्टीम मिस्त्रीने सांगितली तर तो आगाऊ ठरतो.

रेल्वेचं उदाहरण तर डोक्याला हात लावण्यासारखं आहे. गाडी सुटायच्या ६० दिवस आधी ती आपल्याकडून पुरतं भाडं घेते. २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत तर १२० दिवस आधी घेत होती. वेटिंग लिस्टचं तिकीट काढताना तर ती जागा देण्याचं कबूलही करत नाही, पैसे मात्र सगळे घेते. तरी आपण खूश असतो, कारण "वेटिंग अठ्ठावीस आहे, होऊन जाईल". मिस्त्रीही हेच म्हणतो, "होऊन जाईल". त्याच्यावर आपला विश्वास बसत नाही.

आणि बिल्डर? त्यांच्यासमोर तर सरकारलाच मध्ये उभं राहावं लागलं. महाराष्ट्राच्या १९६३ च्या फ्लॅट कायद्याने सांगितलं की रीतसर करार नोंदवण्याआधी किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही. पुढे २०१६ च्या रेरा कायद्याने ती मर्यादा १० टक्क्यांवर आणली. म्हणजे एका व्यवसायाला आगाऊ घेण्यापासून आवरायला दोन-दोन कायदे लागले. त्याच बिल्डरने बांधलेल्या फ्लॅटमध्ये किचनचा ओटा बसवायला आलेल्या माणसाच्या तोंडून मात्र एक आकडा निघत नाही. मला यात विश्वासाबिश्वासाचा प्रश्न फारसा दिसत नाही. टेबल कुणासमोर आहे, एवढंच दिसतं. ज्याच्यासमोर टेबल आहे तो आधी घेतो. जो चपला बाहेर काढून आपल्या घरात येतो तो थांबतो.

त्याने थांबायचं, ही सवय आपल्याकडे फार जुनी आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' लिहिला, त्यात बलुत्याची सगळी घडी उलगडून ठेवली आहे. सुताराने वर्षभर नांगर-कुळव दुरुस्त करायचे, लोहाराने फाळ शेवटायचे, न्हाव्याने डोकी करायची, आणि सुगी झाली की खळ्यावर जाऊन आपापला वाटा आणायचा. आधी काम, वर्षाअखेर दाणे. मधल्या काळात सगळा गाव आपल्या कारागिरांचा देणेकरी असायचा, आणि देणेकऱ्यालाच रामराम घालत कारागीर फिरायचा. या पद्धतीत त्याच्या बाजूने एकच गोष्ट होती. गिऱ्हाईक कुठे जाणार? त्याची जमीन तिथे, विहीर तिथे, सोयरे तिथे. पण बलुत्याच्या आठवणीने उगाच हळवं व्हायचं कारण नाही. खळ्यावर वाटा मागायला उभं राहणं काही जातींच्या वाट्याला कसं येत होतं, हे दया पवारांनी १९७८ मध्ये 'बलुतं' लिहून सांगून ठेवलंय. ते वाचल्यावर "काय ते गावातलं माणुसकीचं नातं" असं वाक्य घशातून बाहेर यायला जरा वेळ लागतो.

आता खळं गेलं, पण थांबायची सवय मागे राहिली. गिऱ्हाईक अकरा महिन्यांच्या करारावर राहतं, बाराव्या महिन्यात हिंजवडीहून बंगळूरला जातं, आणि प्लंबरच्या मोबाइलमध्ये "बी विंग गिझर" या नावाने कायमचं राहतं.

सगळ्याच कारागिरांची गोष्ट सारखी नाही, हेही सांगायला हवं. शिंप्याचं बघा. त्याला ॲडव्हान्स मागावा लागत नाही, कारण आपलं कापड त्याच्या ताब्यात असतं. लग्नसराईत तर पैठणीवरचा ब्लाउज ओलीस ठेवून तो इतक्या निवांतपणे "उद्या या" म्हणतो की अशी सत्ता भल्याभल्यांना मिळत नाही. गंमत म्हणजे ही सत्ता कायदेशीर आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७० व्या कलमात म्हटलंय की दुसऱ्याच्या वस्तूवर कष्ट किंवा कौशल्य खर्च केलेला माणूस आपली मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडकवून ठेवू शकतो. कायदा करणाऱ्यांनी कलमाखाली दोन उदाहरणं दिली आहेत. पहिल्यात हिऱ्याला पैलू पाडणारा जवाहीर आहे, दुसऱ्यात चक्क शिंपी. जवाहिराला पैसे मिळेपर्यंत हिरा ठेवून घेता येतो. शिंप्याने मात्र कोट शिवून झाला की लगेच देईन, पैसे तीन महिन्यांनी दिले तरी चालतील, असं कबूल केलेलं असतं. त्यामुळे त्याला कोट अडवता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यातही हिरेवाला रोखीने आणि शिंपी उधारीवर! उदाहरण लिहिणाऱ्याच्या मनात आपला शिंपी नसेलही, पण त्यालाही स्वभाव बरोबर कळला होता.

हे कलम घड्याळजीला चालतं, चांभाराला चालतं, मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला चालतं. प्लंबरला नाही. त्याचे कष्ट आपल्या भिंतीत गेलेले असतात. रंगाऱ्याला आपला रंग खरवडून नेता येत नाही. आणि मजुरी मिळाली नाही म्हणून बसवलेलं संडासाचं भांडं उचकटून खांद्यावर घेऊन जाणारा प्लंबर अजून तरी कुणी पाहिलेला नाही. काम झालं त्या क्षणी त्याच्या हातातलं सगळं संपतं आणि आपल्याला नेमकी तेव्हाच एटीएममध्ये जायची आठवण होते. त्याची बाजू भक्कम असते ती फक्त एकदा, कामाला हात लावण्याआधी. तेवढ्या एका घटकेत तो छताकडे बघत बसतो!

तिसरी जात मापाने माल करणाऱ्यांची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ग्रिलचं वर्कशॉप आहे. खिडकीचं ग्रिल त्या खिडकीपुरतं असतं. अर्ध्या इंचाने इकडे-तिकडे झालं की दुसरीकडे बसत नाही. गिऱ्हाईकाने मन बदललं तर कापून, वेल्डिंग करून, घासून, रेड ऑक्साइड मारून तयार केलेल्या त्या नक्षीची किंमत भंगाराच्या काट्यावर ठरते. लग्नपत्रिका छापणाऱ्याचं तर त्याहून वाईट. मोडलेल्या लग्नाच्या पत्रिका कोण घेणार? आणि सगळ्यांत नाजूक धंदा फ्लेक्सवाल्यांचा. भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, मध्ये गॉगल लावलेलं मोठं डोकं, वर मान्यवरांची छोटी डोकी, खाली शुभेच्छुकांची त्याहून छोटी. फ्लेक्स छापून होईपर्यंत वरच्या डोक्यांपैकी एखाद्याने पक्ष बदललेला असतो. मग तो भाजीवाल्याच्या गाडीवर ताडपत्री म्हणून जातो आणि पावसाळाभर मान्यवर भेंडीवर लक्ष ठेवतात. फ्लेक्सवाल्याने सगळेच पैसे आधी घ्यावेत. अलीकडे घेतातही म्हणे, आणि याबद्दल राजकारणात कुणी त्यांना नावं ठेवल्याचं ऐकलेलं नाही.

इसार घ्यायच्या चांगल्या रीती आपल्याकडे नाहीत असं नाही. कोकणात गणपतीच्या शाळेत लोक आपापला पाट नेऊन देतात. घरातला पाट, पिढ्यान्‌पिढ्यांचा. त्या पाटावर मूर्तिकार त्या घरचा गणपती घडवतो, आणि चतुर्थीला मूर्ती न्यायला येताना लोक विडा-नारळ आणि पैसे घेऊन येतात. पाट पोचला म्हणजे ऑर्डर पक्की. एका पैशाची देवघेव नाही, तरी इतकं चोख डिपॉझिट मी दुसरीकडे पाहिलेलं नाही, कारण पाट तिथे सोडून दुसऱ्या शाळेतून गणपती आणायची कुणाची छाती नाही. तिकडे नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची पंच मंडळी येतात, जत्रेची तारीख सांगतात, घासाघीस होते, सुपारी ठरते, इसाराची रक्कम हातावर पडते. जत्रेची तारीख बदलत नाही आणि फड एका रात्री दोन गावांत नाचू शकत नाही. म्हणून तिथे आधी पैसे मागण्यात कुणाला संकोच वाटत नाही आणि देणाऱ्याला अपमान वाटत नाही. "आमच्या गावावर विश्वास नाही का?" असं म्हणत राहुटीतून उठलेल्या पंचांना जत्रेत सिनेमा लावूनच भागवावं लागेल.

आता गिऱ्हाईकाची बाजू. ती मला चांगली माहीत आहे, कारण मीही गिऱ्हाईकच. ॲडव्हान्स दिल्यानंतरचे पहिले दोन दिवस मिस्त्री घरच्यासारखा वागतो. तिसऱ्या दिवशी फोन लागत नाही. चौथ्या दिवशी लागतो, तेव्हा तो गावाला असतो. गावाला मयत झालेली असते. मयताबद्दल आपण काय बोलणार? आठवड्याने हॉलमध्ये प्लायवूडचे दोन तुकडे येऊन पडतात, म्हणजे काम सुरू आहे याचा पुरावा. मग पुन्हा शांतता.

एकदा एका सुताराने मोकळेपणाने यामागचं गणित मला सांगितलं, आणि तेव्हापासून माझा राग बराच कमी झाला. माझ्या ॲडव्हान्समधून माझं प्लायवूड येत नसतं. माझ्या आधीचं जे गिऱ्हाईक आहे, त्याच्या कपाटाच्या बिजागऱ्या, हँडल आणि माणसांची हजेरी माझ्या पैशातून भागते. ते कपाट पूर्ण झालं की ते गिऱ्हाईक शेवटचा हप्ता देतं. निदान द्यायला पाहिजे. त्या हप्त्यातून माझं प्लायवूड येतं. तो रखडला की मी रखडते, आणि मी शेवटचे पैसे रखडवले की माझ्यानंतरची बाई तिच्या हॉलमध्ये दोन तुकड्यांकडे बघत बसते. शहरातली सगळी अर्धवट कपाटं अशी एकमेकांना बांधलेली आहेत. बँक या माणसाला खेळतं भांडवल देत नाही. दुकानदार प्लायवूड उधार देतो, पण ते रोखीपेक्षा महाग लावून. म्हणून आपणच त्याची बँक. फक्त आपल्याला ते माहीत नसतं, आणि बँकेचा रुबाब मात्र आपण सगळा करतो.

म्हणून मला वाटतं, मागताना त्याने "मटेरियल" म्हटलं तर तो पैसा खरोखर मटेरियललाच जावा. दुकानाची पावती दाखवावी, हवं तर गिऱ्हाईकाने दुकानात परस्पर पैसे भरावेत. मालाचे आधी, मजुरीचे कामाच्या टप्प्याने. यात अवघड काही नाही. कागदावर चार ओळी लिहायच्या आहेत. पण कागद काढला की दोघांनाही एकदम लाज वाटते. मिस्त्री म्हणतो, "आपल्यात कशाला लिहायचं?" आपणही म्हणतो, "नाहीतर काय!" आणि महिन्याभराने दोघंही शेजाऱ्यांना साक्षीला बोलावतात.

काम रद्द झालं तर त्या पैशांचं काय, हा प्रश्न निघाला की मला एक जुना खटला आठवतो. दिल्लीतल्या एका बंगल्याचा सौदा १९४९ मध्ये ठरला, किंमत १,१२,५०० रुपये. घेणाऱ्याने १,००० रुपये इसार दिला, पुढे ताबा घेताना आणखी २४,००० दिले, आणि सौदा फिसकटला. विकणारा म्हणाला, सगळे पंचवीस हजार माझे. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इसाराचे हजार ठेव, बाकीचे चोवीस हजार दंड म्हणून गिळता येणार नाहीत. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास हा तो खटला. कायद्याचे विद्यार्थी अजून तो घोकतात. आपण घोकायची गरज नाही, पण ग्रिल कापायच्या आधी गिऱ्हाईक मागे फिरलं तर वर्कशॉपवाल्याने अँगलचे पैसे परत करावेत आणि फेरीचे व मापाचे ठेवावेत, इतपत शहाणपण त्यातून घ्यायला हरकत नाही. १९४९ चा सौदा १९६३ पर्यंत चालला, हेही मनात ठेवावं. खिडकीच्या ग्रिलला एवढं आयुष्य नसतं.

आगाऊ पैसा नेहमी घेणाऱ्याला बळ देतो, असंही मात्र समजू नये. ऊसतोडीची उचल याच्या अगदी उलट्या दिशेने जाते. बीडकडची, नगरकडची नवरा-बायको हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात. दोघांचा मिळून एक कोयता धरतात. दिवाळीच्या आगेमागे बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर कारखान्याच्या वाटेला लागतो तेव्हा उचलीचे पैसे कुठे लग्नात, कुठे दवाखान्यात, कुठे मागच्या देण्यात केव्हाच संपलेले असतात. पुढचे महिने ऊस तोडून ती फेडायची, फिटली नाही तर पुढच्या हंगामात पुन्हा तोच कोयता. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा आहे. उचल अजून आहे. तिथे आधी मिळालेला पैसा माणसाला मोकळा करत नाही, बांधून घालतो, कारण दर ठरवणारा मुकादम, मोजणारा मुकादम आणि वहीही मुकादमाची. ॲडव्हान्सबद्दल कट्ट्यावर बोलताना हे कुणाच्या डोक्यात नसतं. माझ्याही नसायचं. पण इसार मागणारा ग्रिलवाला आणि उचल उचलणारा कोयता यांतला फरक बघितला की एक कळतं: किती, कशाचे आणि परत कसे, हे काम करणाराच सांगत असेल तर आगाऊ रक्कम त्याच्या कामाची.

शेवटच्या हप्त्याचीही एक कहाणी आहे. काम पूर्ण होतं, आणि गिऱ्हाईक पाच हजार मागे ठेवतं. "जरा बघतो, काही राहिलंय का." काहीतरी राहिलेलं असतंच, ड्रॉवर कुरकुरतो, एका टाइलचा कोपरा उडालेला असतो. मिस्त्री दोनदा येऊन दुरुस्त करतो. मग साहेब बाहेरगावी असतात. मग सणवार असतो. शेवटी मिस्त्री यायचा थांबतो, आणि ते पाच हजार गिऱ्हाईकाच्या खात्यात घासाघिशीतली जीत म्हणून जमा होतात. पण मिस्त्रीही काही दुधखुळा नाही. पुढच्या घरी दर सांगताना तो हे पाच हजार आधीच धरतो. म्हणजे वेळेवर पैसे देणारी माणसं बुडवणाऱ्यांचे पैसे वर्षानुवर्षं भरत असतात आणि "आजकाल मिस्त्री लोकांनी किती भाव वाढवलेत" म्हणून हळहळतातही.

ग्रिलच्या त्या वर्कशॉपात आता मुलगा बसतो. आयटीआय केलेला. तो छताकडे बघत नाही, कारण तो समोर नसतोच; माप घेऊन गेला की संध्याकाळी व्हॉट्सॲपवर कोटेशन पाठवतो. त्यात लोखंडाचं वजन, किलोचा दर, रंगाचा वेगळा, आणि खाली ठळक अक्षरात "५०% ॲडव्हान्स, बाकी फिटिंगच्या दिवशी". पाठोपाठ क्यूआर कोड. एक शब्द तोंडातून काढावा लागत नाही. सुरुवातीला आमच्या सोसायटीत यावर नाराजी झाली. "तुझे वडील असं करत नव्हते," असं एक काका त्याला म्हणाले. तो म्हणाला, "माहितीय मला. त्यांची वही माझ्याकडेच आहे."

ती वही त्याने मला दाखवली. वडिलांना नावं लक्षात राहत नसत, म्हणून उधारी कामाच्या नावाने लिहिलेली. "हिरवी गॅलरी." "कुत्रेवाले साहेब." "जिना, तिसरा मजला, चिडका." "नळाजवळचं दार, शिक्षिका बाई, चांगल्या आहेत." समोर आकडे, काहींवर रेघ मारलेली, पुष्कळांवर नाही. वडील गेल्यावर मुलाने दर रविवारी वही घेऊन वसुलीला जायचं ठरवलं. हिरवी गॅलरी आता करडी झालेली निघाली. कुत्रेवाल्या साहेबांचा कुत्रा केव्हाच गेला होता, त्यामुळे घर शोधण्यात दोन रविवार गेले. सापडले तेव्हा साहेब म्हणाले, त्या ग्रिलला गंज आलाय, तुम्हीच उलट भरपाई द्या. चिडके गृहस्थ तर अजूनही तितकेच चिडके होते, निदान तेवढी नोंद वडिलांनी अचूक केली होती.

शिक्षिका बाई निवृत्त झालेल्या. त्यांनी दार उघडलं, वहीतली ओळ वाचली, "चांगल्या आहेत" वर जरा थांबल्या आणि आत जाऊन पैसे घेऊन आल्या. "मला वाटत होतं दिलेत," त्या म्हणाल्या. "तुझे वडील त्यानंतर कितीदा दारावरून गेले, चहाला थांबले, एकदा सेलफोनची रेंज येत नाही म्हणून इथे गॅलरीत उभे राहून बोलले. पण एका शब्दाने म्हणाले नाहीत रे." मग त्यांनी त्याला स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी नेलं. माकडं येतात, तिथे जाळी हवी होती. त्याने टेप काढली, माप घेतलं, वजनाचा अंदाज केला, आकडा सांगितला, निम्मे तिथेच घेतले आणि दोन पावत्या फाडल्या, एक जुन्या कामाची आणि एक नव्याची.